घरचे झाड आणि झाडावरचा गडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून पुष्कळजणींना नवल वाटले असेल. पाकक्रिया, भरतकाम, मुलांचे संगोपन हे मंडळातले नेहमीचे विषय. ‘झाडांची शस्त्रक्रिया’ हा विषय कुणी काढला, असे दोघी-तिघींनी येताना मला विचारलेही. त्यांना मी उलट विचारले, की मे महिना लागला म्हणजे दारातल्या झाडाच्या फांद्या तोडायला माणूस कोण बोलावते? त्याच्याशी पैसे कोण ठरवते? आणि अंगणात उभे राहून ‘ही तोड, ती राहू दे’ असे कोण सांगते? बहुतेक घरांतून ही कामे आपणच करतो. तेव्हा करवत कुठे चालवायची आणि वर चढणाऱ्या माणसाने अंगाला काय बांधायचे, हे आपल्यालाच ठाऊक असायला हवे. चुकीच्या जागी दिलेल्या एका कापाने चाळीस वर्षांचे झाड आतून कुजते, आणि एका दोरीवाचून एखाद्या घरातला मिळवता माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून हा विषय.

आपण नाशिककर. पाच वडांवरून पंचवटी नाव पडलेल्या गावात आपण राहतो. झाडाला कात्री लावणे आपल्याला नवीन नाही. आपल्यापैकी कित्येकींच्या माहेरी नाही तर सासरी द्राक्षाची बाग आहे. वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पण घोटाळा होतो तो इथेच. वेल छाटलेली पाहून आपल्याला वाटते, जितके तोडावे तितके जोमाने फुटते. मग दारातला कडुनिंब तरी त्याला अपवाद कसा असेल? वेलीचे गणित निराळे आहे. तिला आपण मांडवावर चढवतो, खत-पाणी देतो आणि घडासाठी दरवर्षी नव्याने वाढवतो. कापली जाते तीही बोटाएवढी काडी. मोठ्या झाडाची मांडीएवढी फांदी कापली, तर ती जखम त्या झाडाला जन्मभर वागवावी लागते.

ती कशी, ते थोडक्यात सांगते. आपल्या हाताला कापले, तर काही दिवसांत त्या जागी नवी कातडी येते. झाडाचे तसे नाही. झाडाचे दुखावलेले लाकूड पुन्हा कधीच पहिल्यासारखे होत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती घालते आणि कूज तिथेच कोंडून टाकते. बाहेरून नव्या लाकडाची व सालीची वळी वाढवून तोंड मिटवते. अमेरिकेतल्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली आणि १९७० नंतरच्या दशकात ही गोष्ट नीट मांडली. त्यापूर्वी मोठमोठ्या जाणकारांचीही समजूत वेगळी होती. जॉन डेव्ही नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली ‘झाडांचा डॉक्टर’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि हा धंदा अमेरिकेत नावारूपाला आणला. त्या काळी दातात चांदी भरावी तशी झाडाची ढोली खरवडून त्यात सिमेंट भरीत. आता ते कुणी जाणता करीत नाही, कारण खरवडताना झाडाने घातलेली भिंतच फुटते आणि कूज पुढे सरकते. कापलेल्या जागी डांबर किंवा तेलरंग फासण्याचेही तेच. रंगाखाली ओल कोंडते, फायदा काही होत नाही. द्राक्षाच्या काडीला छाटणीनंतर पेस्ट लावतात ना, असे कुणी विचारील. ती लावतात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. दारातल्या आंब्याला तिची गरज नाही.

मग झाडाला मदत करायची ती कशी? काप योग्य जागी देऊन. घरी गेल्यावर दारातल्या झाडाकडे निरखून पाहा. फांदी जिथे खोडातून निघते तिथे तिच्या मुळाशी एक फुगीर वळी दिसेल, मनगटात बांगडी असावी तशी. जखम मिटवण्याचे सारे सामर्थ्य या बांगडीत असते. काप बांगडीच्या बाहेर, पण अगदी लगत द्यायचा. खोडाशी सपाट कापले तर बांगडी जाते आणि खोडालाच भोक पडते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत घेऊन जातो. आपल्याला बांगडी फुटलेली चालत नाही. झाडालाही चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

जड फांदी एका कापात काढू नये. वरून करवत चालवली, की अर्धे कापून होण्याआधीच फांदी आपल्या भाराने मोडते आणि खाली खोडापर्यंत साल सोलून नेते. म्हणून काप तीन. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून; त्याने फांदी स्वच्छ तुटून पडते. राहिलेला खुंट हलका असतो. तो तिसऱ्या कापाने बांगडीलगत काढायचा. यात वेळ जातो तो दहा मिनिटांचा.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे झाड वरून बोडके करणे. ‘वादळात पडेल, शेंडाच मारून टाक,’ असे आपण सहज म्हणतो. बोडक्या झाडाला पुढल्या पावसात खराट्यासारखी दाट फूट येते आणि आपण म्हणतो, पाहा कसे तरारले! ते तरारणे नव्हे. पाने गेल्यामुळे अन्न तयार करायला काही उरले नाही, म्हणून साठवलेली शिदोरी उधळून झाडाने केलेली ती धडपड असते. ते नवे फोक लाकडात खोल रुजलेले नसतात. खालचे खुंट कुजत जातात आणि पाच-सात वर्षांनी तेच फोक जाड होऊन वाऱ्यात उपटून येतात. जे टाळायला झाड तोडले तेच पदरी पडते. एका वर्षात झाडाच्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा गेला, की पुष्कळ झाले. वाळलेली फांदी केव्हाही काढावी. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. गुलमोहर आणि शेवगा यांचे लाकूड ठिसूळ, त्यांच्यावर नजर अधिक ठेवावी.

आता हत्यारांकडे वळू. माणूस कामाला आला, की आधी त्याच्या पिशवीत काय आहे ते पाहावे. बोटाएवढ्या काडीला छाटणीची कात्री. तिला आपल्याकडे बागायतदार सिकेटर म्हणतात. मनगटाएवढ्या फांदीला वाकडी हातकरवत. चांगल्या हातकरवतीचे दात ओढताना कापतात, कारण उंचावर असलेल्या माणसाला जोराने ढकलणे धोक्याचे, ओढणे सोपे. कोयता झुडुपाला आणि काटेरी फांद्यांना ठीक. जाड फांदीवर तो घातला तर लाकूड चिंबते आणि जखमेच्या चिंध्या होतात. कुऱ्हाड जमिनीवर, पडलेले लाकूड फोडायला. हल्ली यंत्राची साखळी करवत सर्रास दिसते. तिने काम झपाट्याने होते, तसा घातही झपाट्याने होतो. तिच्या पात्याचे टोक लाकडाला टेकले तर ती उसळून अंगावर येते. म्हणून ती एका हाताने कधी धरू नये आणि खांद्याच्या वर उचलून चालवू नये. ती चालवणाऱ्याने डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि पायांत विशिष्ट विजार घालायची असते. त्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. पाते लागले की धागे साखळीत गुंततात आणि यंत्र जागच्या जागी बंद पडते. चपला घालून, लुंगी वर खोचून साखळी करवत चालवणारा माणूस दिसला, तर त्याला पाणी द्यावे आणि परत पाठवावे.

पण सर्वांत मोठे हत्यार दोरी. बोटाएवढी जाड, चढण्यासाठी मुद्दाम विणलेली दोरी दोन टनांहून अधिक ओझे तोलते. सुंभ किंवा विहिरीचा जुना दोर हे काम करू शकत नाही. तो आतून कुजलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. जाणता माणूस आधी बारीक दोरीला वाळूची पिशवी बांधून ती उंच, जिवंत आणि जाड बेचक्यावरून फेकतो, तिच्या मागून मुख्य दोर ओढून घेतो, आणि दोन माणसांनी खालून लोंबकळून बेचके भार घेते का ते पाहतो. मगच चढतो. अंगाला पट्टा बांधतो तो मांड्या आणि खांदे दोन्ही धरणारा. नुसत्या कमरपट्ट्याने पडणाऱ्याचे कंबरडे मोडते. अशा पट्ट्यांना आयएस ३५२१ आणि शिरस्त्राणांना आयएस २९२५ ही भारतीय मानके आहेत. त्यांचा शिक्का पाहावा. दोराला तो सरकती गाठ मारतो. तिला प्रुसिकची गाठ म्हणतात. हाताने सरकवली तर सरकते आणि अंगाचा भार पडला की घट्ट धरते. करवत हातात घेण्यापूर्वी तो दुसरी आखूड दोरी खोडाभोवती टाकून स्वतःला दोन ठिकाणी बांधून घेतो, म्हणजे चुकून एक कापली गेली तरी दुसरी राहते. बुटांना बांधायचे लोखंडी काटे काहीजण आणतात. ते समूळ काढायच्या झाडापुरतेच. जगवायच्या झाडात प्रत्येक पावलाला ते एक भोक पाडतात.

आमच्या बाजूच्या एका आळीतली गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. पावसाळ्याआधी आंब्याची छपरावर आलेली फांदी तोडायला एक गडी आला. हातात कोयता, पाय अनवाणी, दोर नाही. तो ज्या फांदीवर उभा होता ती वरून हिरवी होती, पण आतून पोकळ. दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवरून तो फरशीवर पडला. जगला, पण उठून उभा राहू शकला नाही. आज त्याची बायको चार घरची धुणीभांडी करते. त्या घरच्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला चहा दिला होता, उन्हाची टोपी दिली होती, दवाखान्याचे पैसेही दिले. ‘तुझी दोरी कुठे आहे?’ एवढे मात्र कुणी विचारले नव्हते.

या कामाचा दिवस कसा असतो तेही ऐका. जाणता माणूस सकाळी आला की लगेच चढत नाही. झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, माती भेगाळली आहे का, नळासाठी चर खणताना कुणी मुळे तोडली आहेत का, हे पाहतो. लाकडी हातोडीने खोड वाजवून पोकळ बोलते का ते ऐकतो. वर आग्या मोहोळ असेल तर काम थांबते. त्या माश्या खवळल्या तर वरच्या माणसाला पळायला जागा नसते. घरट्यात पिले असतील तर तो फांदी महिनाभर राखायला सांगतो. तारा जवळ असतील तर महावितरणला कळवून प्रवाह बंद होईपर्यंत तो झाडाला हात लावीत नाही, कारण ओली फांदी विजेची तारच होते, आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडीही. वारा वाढला तर तो खाली उतरतो. त्याचा दिवस वाया गेला असे आपल्याला वाटते. तो दिवस सार्थकी लागलेला असतो.

वर एक आणि खाली किमान एक, ही या कामाची जोडी. खालच्याचे काम हलके नाही. फांदी छपरावर पडू नये म्हणून तिला दोर बांधून सावकाश उतरवावी लागते. त्यासाठी दोराचे दोन-तीन वेढे बुंध्याला देतात. वेढ्यांच्या घर्षणाने भार तोलला जातो आणि एका माणसाच्या हातून मोठी फांदी बोळक्यासारखी अलगद खाली येते. दोर हाताला गुंडाळून घेणारा अडाणी समजावा. फांदीबरोबर त्याचा हात जातो. खालच्या दोघांपैकी एकाला तरी वर चढून दुसऱ्याला उतरवता आले पाहिजे, कारण पट्ट्यात बेशुद्ध लटकलेला माणूस काही मिनिटांतच जिवाला मुकू शकतो. आणि आपले काम? मुलांना घरात ठेवणे, वाळत घातलेले कपडे काढणे, आणि वर काम चालू असताना खालून हाका न मारणे. संध्याकाळी दोर तळहातातून सबंध ओढून कुठे चिरला का ते पाहायचे, करवतीला कानस लावायची, रोगट झाडावर चाललेले पाते स्पिरिटने पुसायचे. मग दिवस संपतो.

वडाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो. सुती धागा विरून जातो, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच दिवशी बाजारात वडाच्या ओरबाडलेल्या फांद्यांचे ढीग विकायला येतात आणि आपण त्या घेऊन घरी पूजा करतो. ऐन पावसाच्या तोंडावर फांदी ओरबाडली, की सोललेल्या सालीत पाणी आणि बुरशी शिरायला वाटच मिळते. ज्याच्याकडे दीर्घायुष्य मागायचे त्याचेच आयुष्य तोडायचे, हे आपल्यालाच शोभत नाही. वडाच्या पारंब्याही रस्त्यात येतात म्हणून आपण कापतो. पारंबी जमिनीला टेकली की खांब होते आणि म्हातारपणी वडाला तोलून धरते. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात एक थोर वड आहे. १८६४ आणि १८६७ सालच्या वादळांनी तो मोडला, पुढे खोडाला बुरशी लागली, आणि १९२५ साली त्याचे मूळ खोड कापून काढावे लागले. तो वड आजही हजारो पारंब्यांच्या आधारावर उभा आहे, आणि लांबून पाहणाऱ्याला ते एक रान वाटते. कुठे कापायचे आणि काय राखायचे हे कळले, म्हणजे झाड असे जगते.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी मेख तिथे आहे. आपण सौदा करतो तो असा, ‘फांद्या तोड आणि लाकूड घेऊन जा.’ आपल्याला वाटते, फुकटात काम झाले. पण ज्याची मजुरी लाकडात आहे तो वाळकी काटकी कशाला तोडील? तो जाड, निरोगी, खोडालगतची फांदी तोडणार. धोक्याची वाळकी फांदी तशीच राहते आणि झाडाचा खांब जातो. म्हणून मजुरी दिवसाची ठरवावी आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा. शिवाय शहरात झाड आपल्या आवारातले असले तरी ते मनास येईल तसे तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालापासून आहे. २०२१ सालच्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. ‘माझी ओळख आहे, काही होत नाही,’ असे सांगणाऱ्या माणसाला कामच देऊ नये. आणि झाडाला पाटीसाठी खिळा मारू देऊ नये. झाड तो खिळा पोटात घेते आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी करवतीची साखळी त्यावर तुटते.

आता एक सूचना करते आणि रजा घेते. दोर, पट्टा, शिरस्त्राण बाळगणारा, दोघातिघांना बरोबर घेऊन येणारा माणूस एका घराला महाग पडतो. म्हणून आपण कोयतेवाल्याला हाक मारतो. पण एका आळीतल्या आठ-दहा घरांनी मिळून त्याला दोन दिवस बोलावले, तर तो खर्च प्रत्येकीला जड जाणार नाही. आपल्या मंडळाने दरवर्षी फेब्रुवारीत आळीवार यादी करावी, कुणाच्या दारात कोणते झाड, कोणती फांदी वाळलेली, तारा किती जवळ. परवानगीचे अर्ज एकत्र द्यावेत आणि वळीव येण्याच्या आत काम उरकावे. यादी लिहायला मी तयार आहे. सभा संपल्यावर वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. जाता जाता आपले नाव, घर आणि झाड तेवढे त्यात लिहून जावे.